तुझ्यासाठी मी निवडलेला कॉम्प्रेसर

सुजे,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उठवलं. भंतेजींचं झालं, तुझ्या दिराचं झालं, गल्लीतल्या दोघीतिघी रडत रडत काहीबाही बोलल्या, आणि मग तुझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, माईक माझ्या हातात दिला. "वैशालीताई, तुम्ही अकरा वर्षं तिच्यासोबत होता. दोन शब्द बोला." मी उठले. समोर तुझा फोटो. त्या फोटोतली मोरपंखी साडी आपण दोघींनी एकाच दुकानात, एकाच रंगात घेतली होती. तुला जास्त खुलते म्हणून मी माझी कधी नेसलेच नाही, हे तेवढ्यात आठवलं. "चांगली होती," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हिचा गळा दाटून आला. गळा दाटला नव्हता. जे खरं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं.

खरं हे, की अकरा वर्षं मी तुझ्यावर जळत होते. मैत्रीण होते, त्यात खोट नाही. पण जळत होते. आता तू ऐकायला नाहीस, म्हणून सांगते. जिवंत असतीस तर आजही सांगितलं नसतं.

चाकणच्या त्या पेंट शॉपमध्ये आपण भेटलो. दुचाकीच्या आरशांची कव्हरं, मडगार्ड, असले प्लास्टिकचे पार्ट रंगवून देणारी लहानशी कंपनी. गननं रंग मारायचं काम पुरुषांचं. बायकांनी पार्ट पुसायचे, जिथं रंग नको तिथं टेप लावायची, आणि रंगून आले की डाग शोधायचे. मी लातूरहून लग्न होऊन मोशीला आलेली, तू पिंपरीतच जन्मलेली, कंपनी कामगाराची लेक. पहिल्याच दिवशी मी तुला "काय करायलीस?" विचारलं आणि तू खुदकन हसलीस. ते हसणंही मी लक्षात ठेवलं होतं, बघ.

सहा महिने झाले असतील. एक दिवस दोन्ही पेंटर आले नाहीत. माल न्यायला गाडी गेटवर उभी, सुपरवायझर फोनवर फोन लावतोय. मी टेबलावरून उठले. रंग मारतात त्या बूथच्या काचेतून मी रोज पेंटरचा हात बघायचे. आधी हात चालू होतो, मग ट्रिगर दाबला जातो. आधी ट्रिगर सुटतो, मग हात थांबतो. मला पाठ झालं होतं. दोन पावलं मी पुढे गेलेही. पण माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मागून तुझा आवाज आला, "सर, मी मारून बघू का?"

तू मारलंस. चाळीस कव्हरं मारलीस, एकावर ओघळ नाही. दुसऱ्या दिवशी तुला मास्क मिळाला, तुझ्या मापाचा झगा मिळाला, आणि पेंट शॉपमधली पहिली बाई म्हणून लोक तुला बघायला यायला लागले. मी टेपच्या टेबलावरच राहिले. तू रंगवलेले पार्ट तपासायला माझ्याकडे यायचे. बाकीच्यांच्या पार्टवर मी नजर टाकायचे. तुझे उजेडात धरून, तिरपे करून बघायचे. एखादा डाग सापडला की माझा दिवस बरा जायचा. असे दिवस फार आले नाहीत.

माझं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा शिफ्ट सुटली की तू चिखलीला घरी न जाता आधी माझ्याकडे यायचीस. आठ दिवस आमच्या घरच्या भाकऱ्या तू थापल्यास. एकदा प्रकाश, माझा नवरा, जेवता जेवता म्हणाला, "सुजाताताईच्या भाकरीला पदर लई छान सुटतोय." मी आत पडून ऐकलं. टाके दुखत होते, पण ते वाक्य जास्त दुखलं. तू ताट घेऊन आत आलीस आणि म्हणालीस, "दुखतंय का गं? चेहरा असा का झाला?" मी म्हटलं, टाके.

पुढे कंपनीनं मशिनं आणली, हाताचं पेंटिंग बंद केलं. आपण दोघी एकाच आठवड्यात घरी बसलो. मी रडत बसले. तू घराशेजारच्या रिकाम्या जागेत पत्रे टाकून घेतलेस. म्हणालीस, वाकडच्या, रावेतच्या सोसायट्यांतून लोक धडधाकट कपाटं नुसता रंग उडाला म्हणून भंगारात टाकतात, ती आपण रंगवून देऊ. आपण म्हणालीस. मला 'मी' ऐकू आलं.

मग एका संध्याकाळी तू माझ्या दारात आलीस. "वैशे, गन घेतली. पण कॉम्प्रेसर कुठला घ्यायचा कळेना. मोबाईलवर बघून बघून डोकं फिरलं. एक म्हणतो एवढ्या एचपीचा घ्या, दुसरा म्हणतो तेवढ्याचा. प्रकाशभाऊंना विचार ना." प्रकाश मेंटेनन्सला. त्याच्या कंपनीतले कॉम्प्रेसर, हवेच्या लाइनी, सगळं त्याच्याच हाताखाली. अकरा वर्षांत ही एकच गोष्ट अशी निघाली, जिच्यासाठी तुला माझ्याकडे यावं लागलं. तुला चहा देताना मी किती खूश होते ते तुला दिसलं असेल. तुला वाटलं, तू आलीस म्हणून.

तू घरी गेलीस, आणि रात्री प्रकाशनं मला नीट समजावलं. "एचपी काय बघायलीस? हवा बघ. पाटीवर मोठा आकडा असतो तो मशिन हवा ओढतंय किती त्याचा. देतंय किती, ते दुकानदाराला विचार. टायरात हवा भरायची तर कसलंबी चालतंय. पण गन म्हणजे चालू नळ. टाकी मधेच रिकामी झाली की जोर पडला, अन् रंग धुक्यासारखा बसायच्या ऐवजी थुंकल्यासारखा पडतो." कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं त्यानं लिहून दिलं: बेल्टवर चालणारा, दोन सिलिंडरचा, टाकी मोठी, मोटारीत तांब्याची वायर, घरच्या लाइटवर चालणारा, आणि पाणी काढायचा कॉक हाताला येईल असा. खाली रेघ मारून लिहिलं, 'लहान घेऊ नये.'

भोसरीच्या त्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदारानं आधी आपल्या दोघींच्या मागं कोणी पुरुष आहे का ते बघितलं. "भाऊ नाही आले?" तू म्हणालीस, "आले असते, पण भाऊंना रंग मारता येत नाही." तो हसला, आणि मला तिथंच कळलं की आता हाही तुझा झाला. तुझ्यासाठी खुर्ची पुसली. तू गनच्या नोझलचं काय काय विचारत होतीस आणि तो तुझ्याशी कारागिराशी बोलावं तसा बोलत होता. मी पिशवी धरून उभी.

दोन मशिनं त्यानं पुढे केली. एक बेल्टचा, आडव्या लांब टाकीचा, राखाडी, जड. दुसरा लहान, लाल, चाकांचा, हातानं ओढत न्यावा असा. "मोठा घ्या म्हणेन, पण जागा लागते, आवाज करतो. लहानावरही लोक चालवतात. तुमचं तुम्ही बघा." तू मोठ्याच्या टाकीवर हात ठेवलास. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. आणि त्याला म्हणालीस, "बोर्ड करून घेणार आहे. सुजाता पेंटिंग वर्क्स." मग माझ्याकडे वळून, "वैशे, भाऊ काय म्हणाले?"

कागद माझ्या मुठीत होता. 'लहान घेऊ नये' हे शब्द मला मूठ न उघडताही दिसत होते.

"लहान बास आहे म्हणाले," मी म्हटलं. "घरच्या कामाला एवढा मोठा कशाला?"

तू कागद मागितला नाहीस. टाकीवरचा हात काढलास आणि म्हणालीस, "बरं मग. भाऊ म्हणतात तर लहानच द्या."

मी हे का केलं, याची फोड मी पुष्कळदा केली आहे. जागेचं, आवाजाचं, कशाकशाचं कारण मी स्वतःला देऊन बघितलं. कारण एवढंच होतं, की तो बोर्ड मला डोळ्यासमोर दिसला आणि सहन झाला नाही.

पहिलं काम शेजारच्या काकूंचं आलं. त्यांच्या लग्नातलं लोखंडी कपाट रंगवून लेकीला लग्नात द्यायचं होतं. आधीचा रंग मरून, नवा हवा होता अबोली. मी मदतीला आलेच होते. अर्ध्या दारापर्यंत रंग रेशमासारखा बसला आणि पुढे हवेचा जोर पडला. दाणे आले, संत्र्याच्या सालीसारखं दार झालं. लाइनीतून पाण्याचे थेंब आले, त्यांचे फोड उठले. तू घाईनं पुन्हा मारायला गेलीस तर मोटार तापून बंदच पडली. तू मास्क काढलास. दाराकडे बघत राहिलीस.

"वैशे, माझा हात गेला गं."

मशिनचं तुझ्या मनातही आलं नाही. तू स्वतःच्या हाताकडे बघत होतीस. आणि मी काय म्हणाले? "सुटलीय सवय. येईल परत." सुजे, या एका वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुकानातल्या खोट्याचीही वाटत नाही. कारण ते बोलताना क्षणभर मला आतून गार वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या कामात एवढा मोठा डाग पडला होता, आणि तो शोधावाही लागला नव्हता.

पुढचे आठ दिवस तू पत्र्याच्या तुकड्यांवर हात बसवत राहिलीस. मी रोज येऊन ते कपाट घासायचे, कोपरे, कड्या, सगळं, बोटांची कातडी निघेपर्यंत. ते प्रायश्चित्त होतं की तू हरताना बघायला मी येत होते, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. नवव्या दिवशी तू म्हणालीस, "मला कळलं. हात नाही गेला, दम गेला. माझा नाही, ह्याचा," आणि लाल टाकीला पायानं ढोसलंस. मग तू तुझी पद्धत काढलीस. अर्धंच दार मारायचं, तेही टेप लावून सरळ रेघेवर तोडून. मग टाकी भरेपर्यंत थांबायचं, कॉक उघडून पाणी काढायचं, आणि मग पुढचं अर्धं. हळदीच्या आदल्या दिवशी कपाट गेलं. त्याला जोड दिसत नव्हता. काकूंनी तुझे हात हातात घेतले. टेप मी लावली होती.

त्या लहान मशिनवर तू दोन वर्षं काढलीस. बोर्ड लागलाच. दिवसाला दोन कपाटं व्हायची तिथं एक व्हायचं. टाकी भरेपर्यंत आपण बाहेर पायरीवर बसायचो, आणि आयुष्यात जे कोणाशी बोलले नाही ते मी त्या पायरीवर बोलले. सासूचं, मूल राहिलं नाही त्याचं, सगळं. आत मशिन घरघरत असायचं आणि तू "मग?" म्हणायचीस. मोठा घेतला असता तर तुला असं बसायला फुरसतच मिळाली नसती. हे मी माझ्या बाजूनं मांडत नाही. नुसतं सांगते.

मग तो रविवार. प्रकाश पहिल्यांदाच तुझं शेड बघायला आला. मशिन बघितलं आणि तिथंच थबकला. "अहो ताई, हे कसं घेतलं? मी हिला मोठा घ्यायला सांगितलं होतं. लिहून दिलं होतं की, लहान घेऊ नका म्हणून."

मी चहाचे कप धुवत होते. हात पाण्यातच राहिले. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही.

"हो, सांगितलं होतं ना हिनं," तू म्हणालीस. "मीच ऐकलं नाही. मोठा ठेवायला जागा कुठंय इथं?"

शेडमध्ये दोन मोठी मशिनं बसतील एवढी जागा होती. प्रकाशनं इकडेतिकडे बघितलं आणि विषय सोडला. तूही सोडलास. नंतर एका शब्दानं विचारलं नाहीस. मी रोज वाट बघायची, आज विचारेल, आज भांडेल. तू भांडली असतीस तर आपण बरोबरीला आलो असतो. पण तू मला झाकलंस, आणि मला तुझा सगळ्यात जास्त हेवा कधी वाटला असेल तर त्या दिवशी. बाईला चांगला हात असावा, चांगला नवरा असावा, हे मी सोसलं. पण इतकं मोठं मनही तुलाच मिळावं?

तुझ्या पोटातली गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता. चार महिने. शेवटच्या दिवसांत दुपारी मी तुझ्याजवळ बसायचे. एकदा तू मिलिंदला औषधं आणायला पाठवलंस आणि मला म्हणालीस, "अंगणवाडीची बारा टेबलं शेडमध्ये पडलीत. प्रायमर मारून ठेवलाय. तू मार."

"मला कुठं येतं?"

"येतं. त्या दिवशी कंपनीत तू उठली होतीस. मी बघितलं होतं. तू पुढं निघालीस म्हणून तर मी घाईघाईनं सरांना हाक मारली." दम लागला होता, थांबलीस. "तुझं काम मी घेतलं, वैशे. कधीच बोलले नाही."

मला त्या क्षणी बोलता आलं असतं. सोपं होतं. तू दार उघडून दिलं होतंस. 'मीही तुला खोटं सांगितलं होतं' एवढे पाच शब्द. पण मला आधी काय वाटलं सांगू? राग आला. इथंही तूच आधी बोललीस. मी म्हटलं, "गप गं, किती जुनं उकरतेस." तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बरी झाले की मोठा घेऊ. तू चल बरोबर." ते तू मला माफ करून म्हणालीस, की चिमटा काढलास, की तुला खरंच मोठा घ्यायचा होता? तेवढं मला विचारायचं आहे. आता कोणाला विचारू?

तू गेल्यावर मिलिंद म्हणाला, शेड बंद करवत नाही, तुम्ही चालवा. मी मोठा कॉम्प्रेसर आणला. एकटी गेले, हवा देतंय किती तो आकडा विचारून घेतला. मिलिंदनं विचारलं, "बोर्ड तोच राहू दे ना, ताई?" मी "राहू दे" म्हणाले आणि मनात आलं, मशिन माझं, कष्ट माझे, आणि नाव पुन्हा तुझंच.

टेबलं पिवळी रंगवली. मोठ्या मशिनचा दम शेवटपर्यंत टिकतो, सुजे. एका दमात अख्खं टेबल होतं. मी हात आधी चालू केला, मग ट्रिगर दाबला. चांगली झाली. खरंच चांगली झाली. पण मला काहीच वाटत नव्हतं. तू गेल्यापासून आत नुसतं सुन्न होतं, रडूसुद्धा धड येत नव्हतं.

काल अंगणवाडीच्या बाई टेबलं न्यायला आल्या. उन्हात एकेक टेबलावरून त्यांनी हात फिरवला. "छान झालीत हो," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण सुजाताताईंचा हात वेगळाच होता, नाही?"

हेव्याची ती जुनी कळ उठली. तीच, बूथच्या काचेबाहेर उभी असताना उठायची ती. इतकी चरचरून आली, की इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. बाई घाबरल्या. "अहो, मी तसं नव्हते म्हणत," म्हणाल्या.

"नाही, बरोबर बोललात," मी म्हटलं. "आज नका नेऊ. परवा या."

त्या गेल्या. मी बादलीत पाणी घेतलं, बारीक पॉलिश पेपर त्यात भिजत टाकला, आणि पहिल्या टेबलापासून घासायला घेतलं.

वैशाली